एकही थेंब न घातलेली कण्हेर

माझ्या आयुष्यात माझा सत्कार एकदाच झाला. सत्काराची शाल त्याच संध्याकाळी कुणी परत मागितली नाही, पण त्याचं कारण एवढंच की तोवर ती फाटली होती.

सत्कार झाला तो कण्हेरीमुळं आणि शाल फाटली तीही कण्हेरीतच अडकून. मधल्या दिवसांत मी जे वागलो ते सांगायचं म्हटलं की आजही माझी मान खाली जाते. पण आमची सुमन म्हणते, "तुम्ही नाय सांगितलं तर मी सांगीन, अन् मी सांगितलं तर चार गोष्टी जास्तीच्या सांगीन." बायकोच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकलेलं बरं.

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. रिटायर झाल्यावर हर्सूलच्या अलीकडं एका कॉलनीत रो-हाऊस घेतलं. घरापुढं कंपाउंडच्या भिंतीला लागून दोन हात रुंद अन् बारा हात लांब अशी मोकळी माती आहे. सुमन तिला 'पट्टी' म्हणते. मी 'बाग' म्हणतो. या पट्टीत मी हौसेनं गुलाब लावले, मोगरा लावला, आणि इथंच आमच्या घरात पाण्यावरून पहिलं भांडण झालं.

आमच्या कॉलनीत नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. कधी दहा. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणी लग्नाला जात नाही, कुणी आजारी पडत नाही. कॉलनीच्या ग्रुपवर 'आलं' एवढाच मेसेज पडतो, आणि जेवणाऱ्याचा घास हातात राहतो, माणूस मोटारीकडं पळतो. पाहुणा येतो म्हणाला तर त्याला आधी विचारतात, पाण्याच्या आधी येताय का नंतर? (नंतर येणाऱ्याला मुक्कामाचा आग्रह होतो.) अशा गावात गुलाबाला रोज दोन बादल्या घालणारा नवरा कुठली बायको खपवून घेईल? सुमननं मला शांतपणे सांगितलं की तुमच्या वाट्याची अंघोळीची बादली आहे ती खुशाल गुलाबाला घाला. मी दोन दिवस बाणेदारपणे घातली. तिसऱ्या दिवशी तिनं माझं ताट ओसरीवर वाढलं. चौथ्या दिवशी मी अंघोळ केली आणि गुलाब गेले.

मग मी छावणीकडच्या एका नर्सरीत गेलो. तिथल्या माणसाला माझी सगळी कथा ऐकवली. त्यानं माझ्या हातात गुलाबी कण्हेरीचं रोप दिलं आणि म्हणाला, "मास्तर, ही लावा अन् विसरून जा. पहिला पावसाळा संपला की पाण्याचं नाव काढायचं नाय. बारा महिने हिरवी, अन् जितकं ऊन जास्त तितकी फुलं." रस्त्यांच्या दुभाजकांवर भर मे महिन्यात हीच फुललेली असते, हे मी रोज बघत होतो. पण आपल्या दारात लावावी असं काही सुचलं नव्हतं. खड्डा दीड फुटाचा घ्या, हेही त्यानं सांगितलं.

मी तीन फुटांचा घ्यायचं ठरवलं. नर्सरीवाल्यानं काही भूगोल शिकवलेला नव्हता.

जागा निवडली ती भिंतीच्या अगदी बुडाशी. अडीच फुटांवर पहार 'ठण्ण' वाजली. सुमन चहा घेऊन उभी होती. मी कंबर सरळ केली, घाम पुसला आणि तिला सांगितलं, "बेसॉल्ट." मग मी तिला दख्खनचं पठार कसं झालं, लाव्ह्याचे थर एकावर एक कसे बसले, आपला सगळा मराठवाडा या काळ्या पाषाणावर कसा उभा आहे, हे दहा मिनिटं समजावलं. चहावर साय धरली. ती खड्ड्यात वाकून बघून म्हणाली की हा काळा कुठं आहे, राखाडी दिसतोय, सिमिटासारखा. मी हसलो. बत्तीस वर्षं हसत आलो होतो तसंच, मागच्या बाकावरच्या पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर हसतात तसं. म्हटलं, बेसॉल्ट ताजा फोडला की राखाडीच दिसतो. आणि पहार पुन्हा उचलली.

वीस-पंचवीस घाव घातले. शेवटी मुठीएवढी एक खपली निघाली. ती मी धुतली (तेही तांब्याभर पाण्यानं), वाळवली, आणि हॉलमधल्या शोकेसमध्ये 'नमुना: बेसॉल्ट, स्वतःच्या अंगणातून' अशी चिठ्ठी लावून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती हातात द्यायचो. खड्ड्यात माती भरली, कण्हेर लावली, आणि खरंच विसरून गेलो.

कण्हेर मात्र मला विसरू देईना. पहिल्या उन्हाळ्यात ती माझ्या छातीला लागली. दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतीच्या वर गेली. एप्रिलच्या उन्हात, जिथं कडुनिंबसुद्धा मान टाकतो, तिथं आमची कण्हेर काळीभोर हिरवी, आणि गुलाबी फुलांनी अशी लगडलेली की लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. मी पाणी घालत नव्हतो, हे देवाशपथ खरं. एकही थेंब नाही. आता एखादा साधा माणूस असता तर गप्प बसला असता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. मी सुतळीनं भिंतीवर पाटी टांगली: 'या झाडास एकही थेंब पाणी घातलेले नाही.' कॉलनीच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचा फोटो आणि खाली पाणीबचतीवर चार ओळी टाकू लागलो. फांद्या छाटून घरोघरी वाटल्या. लोकांच्या फांद्या जगल्या, पण गुडघ्याएवढ्याच राहिल्या. कुणी गुपित विचारलं की मी म्हणायचो, "गुपित कसलं आलंय? झाडाला पाण्याची सवय लावू नये. माणसाचंही तसंच आहे."

हे वाक्य मी भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत असे.

भिंतीपलीकडं हबीबभाई राहतात. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, कॉलनीतल्या निम्म्या पाण्याच्या मोटारी त्यांच्या हातच्या आहेत. घरात ते, त्यांची बायको आणि त्यांच्या आई. आईंना आम्ही सगळे खाला म्हणतो. ऐंशीच्या पुढं असतील. मूळच्या पैठणकडच्या, त्यामुळं मराठी माझ्यापेक्षा चोख, आणि घरात लेकाशी दखनी. दुपारी भिंतीच्या सावलीत खाट टाकून बसायच्या. माझ्या कण्हेरीच्या फांद्या त्यांच्या बाजूला झुकल्या होत्या, त्याचं त्यांना कोण कौतुक. "मास्तर, तुमचं झाड माझ्या अंगणात येऊन फुलतं," असं म्हणायच्या. ईदेला पहिला शीरखुर्म्याचा डबा आमच्याकडं यायचा, आणि माझा गुडघा धरला की भिंतीवरून एरंडाचं तेल यायचं. असं माणूस.

त्या उन्हाळ्यात हबीबभाईंच्या हौदाचं पाणी पुरेना. हौद त्यांच्या अंगणात, जमिनीखाली, भिंतीला लागून. आठ दिवस चालणारं पाणी पाचव्या दिवशी संपायचं, मग चौथ्या. ज्याचा जो धंदा त्याला तेच दिसतं. हबीबभाईंनी मोटार खोलली, व्हॉल्व बदलला, पाइप तपासले. सगळं ठीक. हौदावर त्यांनी संशय घेतलाच नाही, कारण तो त्यांनी बिल्डरच्या डोक्यावर उभं राहून जास्तीचं सिमेंट घालून बांधून घेतला होता. मग उरलं काय? उरल्या खाला. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड धुवायला, दिवसातून पाच वेळा अंगणातल्या नळावर जाणाऱ्या त्या एकट्याच.

"अम्मा, नल खुल्ला छोड दिए क्या फिर?" हे वाक्य भिंतीवरून रोज ऐकू यायला लागलं. हबीबभाई काही दुष्ट माणूस नाहीत. टँकर मागवून मागवून कावले होते. आधी विचारायचे, मग बोलायचे, आणि एक दिवस त्यांनी नळाची चावीच काढून खिशात घातली. खालांना वजूला मोजून एक तांब्या मिळू लागला.

आणि मी? मी त्या आठवड्यात ग्रुपवर लिहिलं की ज्येष्ठांनी नळ बंद केल्याची दोनदा खात्री करावी. खाली हात जोडल्याचं चित्रही टाकलं. मला वाटलं, आपण शेजारधर्म पाळला.

यानंतर कॉलनीच्या अध्यक्षांनी, काळेसाहेबांनी, माझा सत्कार ठरवला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, कॉलनीच्या छोट्या मंडपात, शाल-श्रीफळ, माझं भाषण, नंतर चिवडा आणि चहा. विषय: थेंबाविना बाग. मंगळवारी सकाळी पाणी आलं. टाक्या भरून झाल्या आणि मी भाषणाचे कागद घेऊन कण्हेरीपाशी खुर्ची टाकून बसलो. 'मित्रहो' एवढं लिहिलं आणि पाय गार लागला. बघतो तर चप्पल ओली. कण्हेरीच्या बुडाशी मी वाळलेल्या पाल्याचा थर दिला होता. तो बाजूला केला तर खाली गारा झालेला. बोट घातलं, आत गेलं. हात घातला, मनगटापर्यंत गेला. आणि मातीच्या आतून, भिंतीच्या बाजूनं, बारीक झुळझुळ ऐकू आली.

मी मुलांना झरा कसा फुटतो ते शिकवलेलं आहे. हा झरा नव्हता. भिंतीपलीकडं त्याच वेळी हबीबभाई हौद भरून झाकण लावत होते.

मी आत गेलो. शोकेस उघडली आणि 'नमुना: बेसॉल्ट' हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. त्यात वाळू होती. त्यात खडी होती. एका बाजूला गंजलेल्या तारेचा तुकडा होता. माझ्या माहितीप्रमाणं ज्वालामुखीतून तार निघत नाही. कंपाउंडची भिंत बिल्डरनं हौदानंतर घातली होती, आणि घालताना ती वीतभर सरकली होती. हौदाची एक कड आमच्या मातीत आली होती, हे ना त्यांना माहीत, ना आम्हाला. मी तिच्यावर वीस-पंचवीस घाव घालून तिला तडा दिला होता. दोन वर्षं कण्हेरीचं मूळ तो तडा रुंदावत होतं. एकही थेंब न घातलेलं माझं झाड दर आठवड्याला हबीबभाईंचा निम्मा हौद पीत होतं!

मी तेव्हाच उठून शेजारी जायला हवं होतं. बारा पावलं आहेत. मी गेलो नाही. मनात हिशेब असा केला की आज मंगळवार, सत्कार रविवारी. पाच दिवसांनी काय बिघडतं? सत्कार झाला की सोमवारी सकाळी गुपचूप सांगू, गवंडी लावू, खर्च देऊ, मिटवून टाकू. सुमनलाही सांगितलं नाही. पाला पुन्हा सारखा केला आणि नमुना शोकेसच्या मागच्या कप्प्यात उलटा ठेवला. त्या पाच दिवसांत भिंतीपलीकडं भांडं वाजलं तरी मी दचकायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते रिटायर झाल्यावर कळलं.

इथवरचं एकवेळ हसून सांगता येतं. गुरुवारी दुपारी जे झालं ते मला हसून सांगता येत नाही.

खाला स्वतः काठी टेकत आमच्या दारात आल्या. सुमन झोपली होती. मी पाणी दिलं तर नको म्हणाल्या, पाण्याचे दिवस आहेत. खुर्चीवर बसल्या, ओढणी सारखी केली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही शिकलेले. एक खरं सांगा. नळ बंद केल्याचं मला आठवतं. चावी फिरवलेली हाताला आठवती. पण पाणी तर जात होतं. मग माणसाला जे झालंच नाय ते आठवायला लागतं का? माझं डोकं चाललंय का?"

त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं लागले होते. माझ्या मागं शोकेस होती. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "वयानं होतं असं कधी कधी, खाला."

त्यांनी मान हलवली. "व्हय, होत असंल," म्हणाल्या आणि काठी टेकत गेल्या. जाताना कण्हेरीची एक फांदी वाटेत आली ती त्यांनी न तोडता हळूच बाजूला केली. मी आयुष्यात पोरांना छड्या मारल्या आहेत, एकदा परीक्षेत चुकीच्या पोराला नापास केलंय. पण त्या दुपारएवढी लाज मला कशाचीच वाटली नाही, आणि लाज वाटूनही मी सोमवारचा सोमवारच ठेवला.

रविवारी मंडप भरला. काळेसाहेबांनी मला शाल घातली आणि भाषणात म्हणाले की एकीकडं मास्तरांसारखे लोक आहेत, आणि दुसरीकडं नळ उघडे ठेवणारेही आपल्यातच आहेत. नाव घेतलं नाही. पण चार माना पहिल्या रांगेकडं वळल्या. तिथं खाला बसल्या होत्या. शेजाऱ्याचा सत्कार म्हणून धुतलेली पांढरी ओढणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. मी उभा राहिलो आणि बावीस मिनिटं बोललो. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या खालांनी. टाळ्या वाजवून त्या उठल्या, असरच्या नमाजाची वेळ झाली म्हणून घरी गेल्या.

मी घाम पुसत घरी आलो. भाषणाचे कागद फेकून द्यायचे होते. अंगावर शाल तशीच. मागून सुमन चिवड्याची बशी अन् मोबाइल घेऊन आली. ग्रुपवर कुणीतरी माझ्या सत्काराच्या फोटोखाली लिहिलं होतं, ते तिनं वाचून दाखवलं: कण्हेर सुंदर खरी, पण लहान पोरांना जपा, मुळापासून फुलापर्यंत सगळं झाड विषारी असतं.

आता हे मला माहीत नव्हतं का? आमचं खटलं शेतकऱ्याचं. कण्हेरीला शेळी तोंड लावत नाही हे मी चड्डीत असल्यापासून ऐकत आलोय. पण ते झाडाबद्दल होतं, हौदाबद्दल नव्हतं. प्यायला कॉलनीत सगळे जारच आणतात. पण वजू करताना माणूस तीनदा चूळ भरतो. पाच वेळा, तीन चुळा. आणि माझ्या झाडाचं मूळ हौदात.

भिंतीपलीकडं तांब्या वाजला.

दारानं गेलो असतो तर बारा पावलं होती हे मी वर सांगितलंच आहे. पण त्या क्षणी मला भिंत जवळची वाटली. वय एकसष्ट, गुडघा धरलेला, अंगावर शाल. मी खुर्चीवर चढलो, भिंतीवर पोट टाकलं आणि कण्हेरीतून पलीकडं सरकलो. शाल फांद्यांत अडकली. मी थोडा वेळ शालीला लटकलो, मग ती टर्रकन फाटली आणि मी खालांच्या खाटेवर आडवा पडलो. खाट मोडली. खाला नळापाशी पाटावर बसून चूळ भरत होत्या. मी रांगत गेलो, त्यांच्या हातातला तांब्या उडवला आणि ओरडलो, "खाला, थुंका! आधी थुंका!"

त्या थुंकल्या. थोडं माझ्यावरही आलं, ते योग्यच होतं.

हबीबभाई आतून बनियनवर धावत आले. मंडपातली मंडळी चहाचे कप अन् चिवड्याच्या बशा हातात घेऊन फाटकापाशी जमली. काळेसाहेबांना वाटलं मास्तरांना सत्कार झेपला नाही. हबीबभाई माझ्या खांद्याला धरून "मास्तर, क्या हुआ, चक्कर आया क्या?" असं विचारत होते, आणि मी त्यांच्या अंगणात बसून सगळं सांगत सुटलो. खड्डा, पहार, तडा, मूळ, मंगळवार. गुरुवारही सांगितला.

कोपऱ्यावरचे डॉक्टर चहाला थांबलेले होतेच. त्यांनी खालांची नाडी बघितली, डोळे बघितले, चार प्रश्न विचारले. एवढ्या पाण्यात एवढ्याशा मुळाचं काय होणार, त्या ठणठणीत आहेत, तरी हौद उपसून धुऊन घ्या, असं म्हणाले. मग माझा बीपी बघितला आणि मला तिथंच झोपवलं.

तोवर सुमन घरातून 'नमुना: बेसॉल्ट' घेऊन आली. तिनं तो हबीबभाईंच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून बघितला, तारेवर नख घासलं, माझ्या अक्षरातली चिठ्ठी वाचली, आणि म्हणाले, "ये तो मेरा हौद है." मंडळी हसली. मी झोपलेलो असल्यामुळं मला कुठं बघावं हा प्रश्न पडला नाही, मी आभाळाकडं बघत होतो.

एकट्या खाला हसत नव्हत्या. त्या माझ्यापाशी वाकल्या. मला वाटलं, आता काठी बसणार, आणि बसली असती तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर, म्हणजे मी नळ बंद करत होते?"

मी म्हणालो, "होय, खाला. रोज. पाचही वेळा."

"मोठ्यानं सांगा."

मी झोपल्या-झोपल्या, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं, मोठ्यानं सांगितलं. हबीबभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून नळाची चावी काढली, आईच्या हातात ठेवली आणि तो हात बराच वेळ सोडला नाही. काळेसाहेबांनी बशी खाली ठेवून खालांची माफी मागितली. खालांनी चावी नळाला लावली, फिरवली, पाणी आलं, पुन्हा फिरवली, बंद झालं. सगळ्यांकडं एकदा बघितलं. मग नव्यानं वजू करायला बसल्या, फक्त पाणी तेवढं सुमननं आमच्या घरून आणलं.

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस मी त्यांचा हौद बादलीनं उपसला. हबीबभाई मोटार लावतो म्हणत होते, मीच नको म्हटलं. गवंड्यानं आतून तडा दाखवला. बोटाएवढं मूळ आत आलेलं आणि त्याला केसांसारखा झुपका. कण्हेर मुळासकट काढावी लागली. खालांना वाईट वाटलं, त्यांनी एक फांदी मागून घेतली आणि त्यांच्या दाराबाहेर, हौदापासून लांब मातीत लावली. जुनी पाटी त्यांनी तिलाच बांधून घेतली. ती आता फुलते, बेताची, पण पाटीवर लिहिल्याप्रमाणं फुलते. आमची पट्टी रिकामी आहे. सुमन तिथं कपडे वाळत घालते.

खालांनी मला पुन्हा कधी त्या गुरुवारबद्दल विचारलं नाही. मलाच ते राहून राहून टोचायचं. शेवटी गेल्या महिन्यात त्याचा निकाल लागला.

पाण्याचा दिवस होता. मी आमची टाकी भरली, आणि सकाळी भांडी धुवायला अंगणातला नळ सोडला, तेवढ्यात फोन आला. जुना विद्यार्थी होता, मी त्याला पाणीबचतीवर सांगत बसलो. अर्धा तास. सुमन बाहेर आली तेव्हा पट्टीत तळं झालं होतं आणि आठ दिवसांची टाकी रिकामी. ती जे बोलली ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, इथपासून सुरुवात होती. मी शपथेवर सांगत होतो की नळ मी बंद केला होता, मला चांगलं आठवतंय, चावी फिरवलेली हाताला आठवती.

भिंतीपलीकडून काठीचा आवाज आला. खालांनी भरलेली एक बादली हबीबभाईंच्या हातून भिंतीवर ठेववली, वरून डोकं काढलं आणि सुमनला म्हणाल्या, "जाऊ द्या सुमनबाई, मास्तरांना बोलू नका. वयानं होतं असं कधी कधी."

मी बादली उतरवून घेतली. वाक्य माझंच होतं, त्यामुळं मला त्यात एकही चूक काढता आली नाही.